बँकेचा शेअर आणि नियमित उत्पन्न: दहा दिवसांचं बिल नव्हे, दिवाळीचा फरक

कोल्हापूर जिल्ह्यात दूध घालणाऱ्याच्या घरात दोन प्रकारचे पैसे येतात. दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल येतं आणि किराणा त्यावर चालतो. दिवाळीच्या तोंडावर दूध-फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर संस्थेने दिलेली जादा रक्कम येते. हा फरक किती येणार हे वर्षाच्या हिशेबावर ठरतं. कमी आला तर कुरकुर होते, पण चूल विझत नाही.

बाजार वरखाली व्हायला लागला आणि ठेवींचे दर उतरायला लागले की शाहूपुरीपासून जयसिंगपूरपर्यंत एक सल्ला हमखास कानावर येतो: "एफडी कशाला करताय, त्याच बँकेचे शेअर घ्या आणि लाभांश खा." हा सल्ला एखादी वस्तू तपासावी तसा इथे तपासला आहे. निकाल आधीच सांगतो. बँकेचा शेअर फरक म्हणून चांगला आहे, काही बँकांच्या बाबतीत फार चांगला आहे. बिल म्हणून तो नापास आहे. ज्यांनी बिल समजून घेतला त्यांचे हाल २०१८ ते २०२० या काळात झाले, आणि तसा काळ पुन्हा येणारच नाही असं समजायला काही आधार नाही.

आधी शेअर कुठला, ते बोलू

कोल्हापुरात "बँकेचा शेअर" म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे नागरी सहकारी बँकेचं सभासदत्व येतं. कर्ज घेताना रकमेच्या ठरावीक टक्के शेअर कापून घेतलेले असतात. विनातारण कर्जाला पाच टक्के आणि तारणी कर्जाला अडीच टक्के ही नेहमीची पद्धत. तो शेअर आणि बाजारात नोंदलेल्या बँकेचा शेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सहकारी बँकेचा शेअर दर्शनी, म्हणजे शेअरवर छापलेल्या किमतीला मिळतो आणि दर्शनी किमतीलाच परत जातो. बँकेने पन्नास वर्षांत कितीही गंगाजळी साठवली तरी सभासदाच्या शंभराचे एकशेएक होत नाहीत. लाभांशावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. विकायला बाजार नाही, परतावा हवा तर बँकेकडेच अर्ज करायचा. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की तोही मार्ग बंद. एक गोष्ट मात्र साधी आणि प्रामाणिक आहे. दहा टक्के लाभांश म्हणजे तुमच्या खऱ्या पैशावर दहा टक्के, कारण घेतलाच दर्शनी किमतीला. वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" या गजरात जो आकडा पास होतो, तोच खात्यावर दिसतो.

हीच सवय बाजारातल्या शेअरकडे घेऊन गेलं की घोटाळा होतो. स्टेट बँकेने २०२४-२५ साठी शेअरमागे १५.९० रुपये लाभांश दिला. शेअरची दर्शनी किंमत एक रुपया. म्हणजे कागदोपत्री १,५९० टक्के! अशा मथळ्याची बातमी व्हॉट्सअॅपवर फिरते आणि सहकाराच्या गणितात मुरलेला माणूस चक्रावून जातो. पण तुम्ही तो शेअर एक रुपयाला घेत नाही. आठशेला घेतला असेल तर उत्पन्न दोन टक्क्यांना थोडं कमी पडतं. बाजारातल्या शेअरला एकच टक्केवारी खरी: लाभांश भागिले तुमचा खरेदीचा भाव. दर्शनी किमतीवरची टक्केवारी वाचलीत तरी विसरून जा.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकू. बँक बुडाली तर मिळणारं पाच लाखांचं विमा संरक्षण ठेवींना आहे. ते ना सहकारी शेअरला आहे, ना बाजारातल्या.

पाच लाखांचा हिशेब

भाव रोज बदलतात म्हणून खालचे भाव केवळ हिशेबापुरते गोल धरले आहेत. लाभांश मात्र २०२४-२५ चा प्रत्यक्ष दिलेला आहे.

स्टेट बँक ८०० रुपयांनी धरली तर पाच लाखांत ६२५ शेअर येतात. वर्षाचा लाभांश ९,९३७ रुपये, महिन्याला भागिलं तर सव्वाआठशे. बँक ऑफ बडोदा २५० ने धरली तर २,००० शेअर आणि ८.३५ रुपयांच्या हिशेबाने १६,७०० रुपये. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र ५५ ने धरली तर ९,०९० शेअर आणि दीड रुपयाने साधारण १३,६०० रुपये. तेच पाच लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर ३२,५०० रुपये येतात, आणि तेही तारीख ठरवून.

पहिल्या वर्षी शेअर फार तर ठेवीच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोचतो. हे ज्याला पटत नाही त्याने पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

मग लोक घेतात कशासाठी? ठेवीचं व्याज एका जागी उभं असतं, लाभांश चालतो. स्टेट बँकेचे आकडे पाहा: २०२०-२१ ला ४ रुपये, पुढे ७.१०, ११.३०, १३.७० आणि २०२४-२५ ला १५.९०. २०२१ च्या मे महिन्यात हा शेअर ४०० च्या आसपास मिळत होता. त्या भावात घेणाऱ्याला पहिल्या वर्षी एक टक्का पडला आणि चार वर्षांनी त्याच पैशावर जवळपास चार टक्के. शिवाय मुद्दल दुप्पट. आयसीआयसीआयचा लाभांश याच काळात २ वरून ११ रुपयांवर गेला.

पण या चढणीवर रेघ ओढून २०३० चा आकडा काढू नका. यातला मोठा भाग खड्ड्यातून वर येण्याचा आहे. आणि खड्डा किती खोल होता ते बघितल्याशिवाय हा आढावा अर्धवट राहील.

कोरडी वर्षं

स्टेट बँकेने २०१६-१७ साठी २.६० रुपये दिले. २०१७-१८ ला ६,५४७ कोटींचा तोटा आणि लाभांश शून्य. २०१८-१९ ला थोडा नफा, लाभांश शून्य. २०१९-२० ला चांगला नफा, तरीही शून्य. कारण १७ एप्रिल २०२० ला रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना त्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश वाटायला मनाई केली. देशातली सर्वांत मोठी बँक सलग तीन वर्षं कोरडी. बँक ऑफ बडोदाचा दुष्काळ त्याहून लांबला, तो २०२१-२२ च्या २.८५ रुपयांनी संपला. बँक ऑफ महाराष्ट्र तर जून २०१७ ते जानेवारी २०१९ रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारणा कारवाईखाली, म्हणजे पीसीएखाली होती.

ही गोष्ट साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला लगेच कळेल. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कायद्याने द्यावीच लागते, १४ दिवसांत. दुसरा हप्ता मात्र उतारा, साखरेचा भाव आणि कारखान्याची कर्जं बघून निघतो किंवा निघत नाही. ठेवीचं व्याज ही बँकेची एफआरपी, लाभांश हा दुसरा हप्ता. फरक एवढाच की इथे दुसऱ्या हप्त्यासाठी कुणी चक्का जाम करत नाही.

बँकेच्या लाभांशावर इतर कंपन्यांपेक्षा एक जास्तीचं कुलूप असतं, आणि त्याची किल्ली रिझर्व्ह बँकेकडे. २००५ च्या परिपत्रकाने चौकट घालून दिली होती: भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या मानाने स्वतःचं भांडवल) किमान ९ टक्के, निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं) ७ टक्क्यांच्या आत, आणि वाटप नफ्याच्या जास्तीत जास्त ४० टक्के. २०२२ पासून लागू झालेल्या पीसीएच्या नियमांत निव्वळ एनपीए ६ टक्क्यांवर गेला की पहिली पायरी लागते आणि लाभांशावर बंधन येतं. लाभांश वाटण्याआधी नफ्यातला चौथा हिस्सा वैधानिक गंगाजळीत टाकावा लागतो तो वेगळाच. थोडक्यात, नफा झाला म्हणजे लाभांश आला असं बँकेत नसतं.

बाजार हलला की बँका जास्त का हलतात

"बँका म्हणजे स्थिर" हा समज ठेवीदाराचा आहे, भागधारकाचा नव्हे. बँक दुसऱ्याच्या पैशावर चालते. स्वतःच्या एका रुपयावर साधारण दहा रुपयांची मालमत्ता उभी असते. त्या दहातला दहावा हिस्सा बुडाला तर भागधारकाचा पूर्ण रुपया गेला. एक टक्का बुडाला तरी दहा पैसे गेले. शिरोलीच्या फौंड्रीत मंदी आली, इचलकरंजीचे माग थांबले, की त्याची झळ आधी बँकेच्या तरतुदींत, म्हणजे बुडीत कर्जांसाठी बाजूला काढलेल्या पैशांत दिसते आणि मग भावात.

दुसरं कारण सरळ आहे. परदेशी संस्थांना घाईने बाहेर पडायचं असतं तेव्हा त्या मोठ्या, सहज विकल्या जाणाऱ्या शेअरवरच हात टाकतात, आणि निर्देशांकात बँकांचं वजन सर्वांत जास्त. २०२० च्या फेब्रुवारीत बँक निफ्टी, म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक, ३१ हजारांच्या आसपास होता, २४ मार्चला तो १६ हजारांपर्यंत घसरला.

तिसरं कारण व्याजदराचं. ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जासारखी किरकोळ कर्जं आणि छोट्या उद्योगांची कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधली गेली. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला तेव्हा कर्जाचे हप्ते लवकर उतरले, पण बँकेने आधी घेतलेल्या ठेवींचं व्याज मुदत संपेपर्यंत तेच द्यावं लागलं. मधला फरक आकसला. म्हणजे गंमत बघा: ठेवीचे दर उतरले म्हणून माणूस शेअरकडे वळतो, नेमका त्याच वेळी बँकेच्या नफ्यावर ताण असतो.

शेजारच्या तीन बँका

पश्चिम महाराष्ट्राला बँक शेअरचे धडे मुंबईकडून घ्यायची गरज नाही. तीनही नमुने हाताच्या अंतरावर आहेत.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये स्थगितीखाली आली आणि पुढच्याच महिन्यात आयडीबीआयमध्ये गेली. भागधारकाला शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले, विषय संपला. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. तिथे रोख नव्हती, ९२५ शेअरला आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या शंभराचे २०१४ च्या विभाजनात ५०० झाले आणि २०१७ च्या बोनसने ५५०. २०२४-२५ च्या ११ रुपयांनी त्यावर वर्षाला ६,०५० रुपये लाभांश येतो. दोन्ही बँका अडचणीच्या, दोन्हींचं नाव पुसलं गेलं, पण रोख घेऊन बाहेर पडणं आणि चांगल्या बँकेचा वाटेकरी होणं यातला फरक एवढा पडला. यात भागधारकाची हुशारी काही नव्हती, अटी सरकार आणि बँकांनी ठरवल्या होत्या.

तिसरी आपली स्वतःची. १९४३ ला कोल्हापुरात सुरू झालेली रत्नाकर बँक, आताची आरबीएल. नोंदणीकृत कार्यालय अजून शाहूपुरीतच. २०१६ ला २२५ रुपयांनी शेअर विक्रीला आला. २०२१ च्या नाताळात रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमला, सोमवारी बाजार उघडताच शेअर कोसळला आणि जून २०२२ मध्ये तो १०० च्या खाली होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने २८० रुपये दराने ६० टक्के हिस्सा घ्यायचा करार जाहीर केला. नऊ वर्षांत एवढे चढउतार, आणि २०२४-२५ चा लाभांश शेअरमागे एक रुपया. "आपल्या गावची बँक" या मायेपोटी उत्पन्नासाठी हा शेअर घेणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. वाढीसाठी घ्यायचा असेल तर तो वेगळा विचार.

आणि पूर्ण शून्य होऊ शकतं का? होऊ शकतं. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये गेली तेव्हा भागभांडवल पूर्ण पुसलं गेलं. ठेवीदाराचा पैसा सुखरूप, भागधारकाच्या हातात भोपळा. त्याच वर्षी मार्चमध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठले. विकायची मुभाच नव्हती.

कोण यादीत, कोण बाहेर

मोठी आणि चांगली बँक म्हणजे उत्पन्नाची बँक, असं नसतं. अॅक्सिसने २०२४-२५ मध्ये शेअरमागे ८० रुपयांहून जास्त कमावले आणि वाटला एक रुपया. कोटकनेही ८० च्या वर कमावून अडीच रुपये दिले. बँका म्हणून त्या वाईट नाहीत. नफा पुन्हा धंद्यात घालणं हे त्यांचं धोरण आहे. पण लाभांशासाठी घेणार असाल तर हे दार वाजवू नका.

स्टेट बँकेने त्याच वर्षी ७९ रुपये कमावून १५.९० वाटले, म्हणजे पाचवा हिस्सा. हा आकडा मला आवडतो, कारण नफा थोडा घसरला तरी लाभांश टिकवायला जागा राहते. सरकारी बँकांना आणखी एक रेटा असतो: सर्वांत मोठा भागधारक सरकार, आणि सरकारला पैसे हवे असतात. स्टेट बँकेच्या त्या वर्षीच्या लाभांशातले ८,००० कोटींहून अधिक एकट्या केंद्र सरकारला गेले. हा रेटा चांगल्या वर्षी तुमच्या बाजूचा. वाईट वर्षी हेच सरकार भांडवल घालतं, नवे शेअर निघतात आणि तुमचा वाटा पातळ होतो.

खासगीत एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय. भावाच्या मानाने उत्पन्न दीड टक्क्याच्या आत-बाहेर, पण लाभांश थांबण्याची शक्यता तुलनेने कमी. "खासगी आणि मोठी" एवढ्यावर मात्र विसंबू नका. इंडसइंडने २०२३-२४ ला १६.५० रुपये दिले होते. १० मार्च २०२५ ला डेरिव्हेटिव्हच्या हिशेबातली गफलत जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात २७ टक्के पडला आणि त्या वर्षाचा लाभांश शून्य. आदल्या वर्षीच्या आकड्यावरून काढलेली "लाभांश उत्पन्नाची यादी" वाचून घेणाऱ्याची अशीच फसगत होते. भाव पडला की जुन्या लाभांशाची टक्केवारी आपोआप वाढलेली दिसते. सर्वांत आकर्षक टक्केवारी बहुतेकदा सर्वांत आजारी शेअरची असते.

याच याद्यांत दुसरी एक चूक सापडते. कॅनरा बँकेचे १६.१० रुपये पुढच्या वर्षी ४ झाले असं दिसतं, आणि लोक म्हणतात लाभांश कापला. प्रत्यक्षात मे २०२४ मध्ये एका शेअरचे पाच झाले. जुना लाभांश नव्या हिशेबात ३.२२ होता, म्हणजे तो वाढलाच. उलट बाजूने, एचडीएफसी बँकेचे २२ रुपये ऑगस्ट २०२५ च्या एकास एक बोनसनंतर ११ धरायचे. २२ ला नव्या भावाने भागलंत तर दुप्पट उत्पन्नाचा भास होईल.

घेण्याआधी तिमाही निकालात मी चार आकडे बघायला सांगेन. निव्वळ एनपीए एका टक्क्याच्या आत आहे का. तरतुदीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे का, आणि ते निर्लेखित (हिशेबातून काढून टाकलेली) कर्जं वगळून सांगितलंय का, कारण ती धरून आकडा फुगवतात. नव्याने थकलेली कर्जं सलग तीन तिमाही वाढत आहेत का. आणि नफा व्याजातून आला की रोखे विकून, जुन्या तरतुदी मागे घेऊन आला. दर उतरतात तेव्हा रोख्यांचे भाव वाढतात आणि सरकारी बँकांचा नफा त्यातून गुबगुबीत दिसतो. त्या नफ्याचा लाभांश पुढच्या वर्षी येईलच असं नाही.

घ्यायचा कसा, आणि पैसे अडतात कुठे

बँकांचे निकाल एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या मध्यापासून लागतात. उत्पन्नासाठी घेणाऱ्याने निकालाआधी घाई करायचं काही कारण नाही, निकाल वाचून घ्यावा. पाच लाख असतील तर पहिल्यांदा चौथा हिस्सा, आणि उरलेले तीन हिस्से दर आठ-दहा टक्के पडझडीला. पडझड आलीच नाही तर वर्षभरात तिमाहीला एक हिस्सा. ऑर्डर नेहमी भाव ठरवून, म्हणजे लिमिट टाकावी. पडत्या बाजारात सकाळी सव्वानऊला बाजारभावाने टाकलेली ऑर्डर भलत्याच आकड्याला लागते. पाच लाखांच्या खरेदीवर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ५०० रुपये आणि मुद्रांक शुल्क ७५ रुपये लागतं, दलाली वेगळी.

फक्त लाभांशासाठी आदल्या दिवशी उडी मारणं हा निव्वळ खुळेपणा. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात, आणि मध्ये कर जास्तीचा. तरीही लाभांश हवाच असेल तर एक्स-डेटच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत खरेदी झालेली पाहिजे. आता व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो (टी अधिक एक), त्यामुळे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट (लाभांशासाठी भागधारकांची यादी ठरते तो दिवस) बहुधा एकच असतात. मध्ये सुट्टी आली तर स्वतः बोटं मोजत बसू नका, एक्स्चेंजने जाहीर केलेली एक्स-डेटच बघा.

पैसे वर्षातून एकदाच येतात. २०२५ मध्ये स्टेट बँकेची रेकॉर्ड डेट १६ मे आणि पैसे त्याच महिन्यात. एचडीएफसी बँकेची रेकॉर्ड डेट जूनमध्ये आणि पैसे सभेनंतर ऑगस्टमध्ये. चार बँका घेतल्या तरी सगळी आवक मे ते ऑगस्ट या पट्ट्यात. गणपतीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही. मुलांच्या फीला उपयोगी, महिन्याच्या औषधांना नाही.

लाभांश खात्यावर न येण्याचं सर्वांत मोठं कारण डिमॅटला जोडलेलं जुनं बँक खातं. विजया आणि देना बँक एप्रिल २०१९ ला बडोद्यात गेल्या. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद वगैरे एप्रिल २०२० ला इतर बँकांत. डिमॅटमध्ये तेव्हाचा आयएफएससी तसाच पडून असेल तर पैसे परत जातात. डीपीकडे, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे, रद्द केलेला धनादेश देऊन तो बदलून घ्या आणि पुढच्या होल्डिंग स्टेटमेंटवर तपासा. सात वर्षं न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार निधीत जातो, त्यामागून शेअरही. तिथून परत आणायला आयईपीएफ-५ चा अर्ज, आणि भरपूर चिकाटी.

कर

एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याने कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात १०,००० च्या वर गेला की १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला कर. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ५,००० होती. वरच्या हिशेबात स्टेट बँकेचे ६२५ शेअर थोडक्यात वाचतात, बडोद्याच्या १६,७०० वर १,६७० कापले जातात. पॅन नसेल किंवा आधारला जोडलेला नसेल तर २० टक्के. करपात्र नसाल तर टीडीएस नको असल्याचं घोषणापत्र दर वर्षी, दर बँकेच्या रजिस्ट्रारकडे (बँकेच्या भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था), रेकॉर्ड डेटच्या आसपास त्यांनी दिलेल्या मुदतीत द्यावं लागतं. तुमच्या ठेवीच्या शाखेत दिलेलं घोषणापत्र शेअरला चालत नाही. बँक एकच असली तरी खिडकी वेगळी. मुदत हुकली तर विवरणपत्र भरून परतावा मागायचा.

तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याने एक तुलना जरूर करावी. लाभांशावर त्याला ३० टक्के आणि वर उपकर. तेच शेअर वर्षभरानंतर थोडे थोडे विकले तर सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर काही नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. अशा माणसाला लाभांशाचा हव्यास महागच पडतो. निवृत्त, कमी उत्पन्नाच्या माणसाचं गणित उलटं असू शकतं: नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतची सूट लाभांशाला लागू होते, भांडवली नफ्याला होत नाही.

ताटात किती वाढायचा

तीस लाख हाताशी असलेलं साठीपुढचं जोडपं धरा. पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत: २०२५ च्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०. नऊ लाख पोस्टाच्या मासिक योजनेत: ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. म्हणजे महिन्याची सरासरी १५,८०० रुपयांची झाली, हे दहा दिवसांचं बिल. एक लाख बचत खात्यात किंवा छोट्या ठेवीत, दवाखान्यासाठी. उरलेले पाच लाख चार बँकांत वाटून, एका बँकेत दीड लाखाच्या वर नाही. त्यावर वर्षाला बारा ते पंधरा हजारांचा फरक येईल. २०२० सारखं वर्ष आलं तर शून्य येईल, आणि तरी घर चालेल. पाच लाखांचे कागदावर अडीच झाले तरी विकावे लागणार नाहीत. नेमकं याचसाठी ते बिलाच्या खात्यात घालायचे नाहीत.

बँक निफ्टीचा ईटीएफ, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या बँका एकत्र घेणारा फंड, घेऊन काम सोपं होईल का? धोका वाटला जातो हे खरं, पण ते ईटीएफ साधारणपणे लाभांश वाटत नाहीत, तो आतच मुरतो. उत्पन्न हवं तर युनिट विकावे लागतात.

महिन्याला पाच-सहा टक्के देतो म्हणून कोल्हापूर-सांगलीत थाटामाटात कार्यालयं उघडणाऱ्यांशी या वस्तूची तुलना करू नये. वर्षाला दोन-तीन टक्के लाभांश ऐकून हसणारी माणसंच तिकडे रांगेत सापडतात.

घरातल्या जुन्या ट्रंकेत सांगली बँकेची कागदी प्रमाणपत्रं निघाली तर ती रद्दीत टाकू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसाहक्काने नाव लावून डिमॅट करून घेता येतात. आधी फोलिओ नंबर शोधा, मग आयसीआयसीआयच्या रजिस्ट्रारला लिहा, आणि मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, पॅन, रद्द धनादेश एकत्र लावूनच पाठवा. एकेक कागद सुटा पाठवला की दर वेळी पुन्हा पहिल्यापासून.